हाताने केलेल्या स्तनतपासणीवर विसंबून राहावे का?

प्रश्न (शिक्षिका, सातारा जिल्हा)

आमच्या गावच्या उपकेंद्रात नुकतीच ३० वर्षांवरील स्त्रियांची तपासणी झाली. रक्तदाब आणि साखर पाहून झाल्यावर तेथील परिचारिकेने माझे स्तन हाताने तपासले आणि काही आढळले नाही, असे कार्डावर लिहून दिले. पुण्याच्या माझ्या जाऊबाई ५२ वर्षांच्या असून त्या नियमित मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करून घेतात आणि हाताच्या तपासणीला काही अर्थ नसतो, असे त्यांचे ठाम मत आहे. माझे वय ३८ आहे. आई, मावशी, आत्या यांपैकी कोणालाही स्तनाचा कर्करोग झालेला नाही. पाळीच्या आधी मात्र दोन्ही स्तनांत काखेच्या बाजूला दाणेदार आणि दुखरे लागते, पाळी आली की ते कमी होते. मी हट्टाने मॅमोग्राफी करून घ्यावी का?

उत्तर १ (शल्यचिकित्सक)

प्रत्येक स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे साधारण १५ ते २० खंड असतात. वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात या ग्रंथी सर्वांत जास्त असतात आणि त्यांचा एक निमुळता भाग थेट काखेपर्यंत जातो. त्यामुळे पाळीआधी संप्रेरकांमुळे येणारी सूज तिथेच अधिक जाणवते, आणि कर्करोगही त्याच भागात सर्वाधिक आढळतो. दोन्ही बाजूंना सारखेच लागणारे आणि पाळीबरोबर कमी-जास्त होणारे दाणे सहसा निरुपद्रवी असतात. पाळी होऊन गेल्यावरही एकाच जागी टिकून राहणारी गाठ मात्र दाखवलीच पाहिजे. ती दुखत नाही एवढ्याच कारणाने स्त्रिया कित्येक महिने अंगावर काढतात, याचे मला फार वाईट वाटते.

जाऊबाईंचे म्हणणे मला मान्य नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईत १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी हाताने तपासणी केली. २० वर्षांच्या नोंदींवर आधारलेले निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, हेही सांगितलेच पाहिजे.

उत्तर २ (परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र)

ताई, तपासणी कशी झाली यावर सगळे अवलंबून आहे. आधी कमरेपर्यंतचे कपडे काढून समोर बसवतात. हात वर करायला आणि मग कमरेवर दाबून धरायला सांगतात. त्वचेला आतून बांधून ठेवणारे तंतू गाठीमुळे ओढले गेले असतील, तर याच वेळी खळी पडलेली दिसते. बोंड नव्याने आत ओढले गेले आहे का, त्यातून रक्तासारखा स्राव येतो का, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, हे पाहायचे असते. नंतर उताणे निजवून हात डोक्याखाली ठेवायला लावतात आणि मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या मऊ भागाने, आधी हलका, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोहोचणारा दाब देत, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत हात फिरवतात. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडावरची जागा चाचपतात. ब्लाउजवरून हात फिरवला तर ती तपासणी नव्हे.

उत्तर ३ (क्ष-किरणतज्ज्ञ)

जाऊबाईंच्या वयाला मॅमोग्राफी योग्यच आहे. ब्रिटनमध्ये ती ५० ते ७० या वयात दर ३ वर्षांनी करतात, तर अमेरिकेत २०२४ पासून ४० ते ७४ या वयात दर २ वर्षांनी करण्याची शिफारस आहे. चाळिशीच्या आत बहुतेकींचे स्तन दाट असतात. दाट ऊती चित्रात पांढऱ्या दिसतात, गाठही पांढरीच दिसते, आणि ती त्यात लपून राहू शकते. म्हणून कोणतीही तक्रार नसताना आणि घरात हा आजार नसताना ३८ व्या वर्षी मी ती सुचवणार नाही. या वयात गाठ हाताला लागली, तर आधी सोनोग्राफी करतात.

मात्र मॅमोग्राफीचा अहवाल चांगला आला म्हणून हाताला लागणारी गाठ सोडून देणे ही मला सर्वांत धोक्याची गोष्ट वाटते. हाताची तपासणी, चित्र आणि संशय असल्यास सुईने काढलेला तुकडा, या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज निदान पक्के समजत नाहीत. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, या भीतीपोटी कोणी तपासणी टाळू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. माझी तपासणी पाळी तोंडावर आलेली असताना आणि फक्त बसवून झाली होती. काख पाहिलीच नाही.

उत्तर २ (परिचारिका)

मग ती पुन्हा करून घ्या. पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांच्या सुमारास स्तन सर्वांत मऊ असतात, त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात या आणि निजवून, काखेसह तपासा, असे स्पष्ट सांगा. सरकारी कार्यक्रमानुसार पुढची फेरी ५ वर्षांनी असते. मधल्या काळात एकाच बाजूला काही नवीन जाणवले, तर त्या फेरीची वाट पाहू नका.