दोन फायबर लाइनींचं बिल भरते, वेग एकीचाही मिळेना

चौथामजला_गोरेगाव

नमस्कार मंडळी. गोरेगाव पूर्वेला राहते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. काम घरूनच, बेडरूमच्या खिडकीपाशी टेबल टाकलंय. एका लग्नाची फायनल फाइल साधारण ४० जीबीची होते आणि ती स्टुडिओच्या सर्व्हरवर चढवावी लागते. तुळशीचं लग्न लागलं की माझी लग्नं सुरू.

गेल्या सीझनला ऐन डिलिव्हरीच्या दिवशी लाइन गेली. केबलवाल्याचं "पोरगा निघालाय मॅडम" सकाळी अकराला ऐकलं, संध्याकाळी सातलाही तो निघालेलाच होता. त्या रात्री दुसरी लाइन घ्यायची ठरवलं. आता एक २०० एमबीपीएसची, दुसरी १०० ची, कंपन्या वेगळ्या, अपलोडही तेवढंच. दोन वॅन पोर्टवाला, म्हणजे बाहेरच्या दोन लाइनी लागतील असा राउटर आणला, लोड बॅलन्सिंग (काम दोन्ही लाइनींवर वाटून देणं) चालू केलं आणि मनात बेरीज करून मोकळी झाले : ३००.

स्पीडटेस्ट कधी ९३ दाखवते, कधी १८०. ३०० एकदाही नाही. फाइल चढवताना तर काटा ९४ च्या वर सरकतच नाही, ४० जीबीला जवळजवळ तास जातो. वर बँकेची साइट ओटीपी टाकला की बाहेर काढते.

केबलवाला म्हणतो राउटर खराब. राउटरवाला म्हणतो लाइन खराब. नवरा म्हणतो दुसरी लाइन बंद कर. समुद्राखालून जगभरातल्या केबल येतात त्या इथे जवळच, वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात म्हणे, आणि माझी फाइल घरातून निघता निघेना. कोणी नीट सांगेल का? टेक्निकल नाही, पण सांगितलेलं करते.

रात्रपाळी

ताई, राउटर बदलू नका, कस्टमर केअरलाही फोन करू नका. ९४ हा आकडा आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. १०० च्या जोडणीतून खरा डेटा ९४-९५ च्या आसपासच निघतो, उरलेला भाग डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनात जातो. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या जोडणीला, हाच आकडा साधारण ९४० येतो. म्हणजे तुमची २०० ची लाइन कुठेतरी १०० च्या बोळातून येतेय.

कंपनीच्या डब्यापासून राउटरपर्यंत येणाऱ्या लॅन वायरीच्या टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा जॅक असतो. तो काढून उजेडात धरा आणि आत किती रंगीत तारा दिसतात ते मोजा. आठ हव्यात. दोन्ही टोकं बघा.

चौथामजला_गोरेगाव

टॉर्च मारून मोजल्या. चार! नारिंगी, नारिंगी-पांढरी, हिरवी, हिरवी-पांढरी. हॉलमध्ये कंपनीच्या डब्यामागे दुसरं टोक आहे, तिथेही चारच. बाकीच्या चार जॅकमध्ये शिरलेल्याच नाहीत, पट्टीच्या आत कुठेतरी गायब. घराचं काम काढलं होतं तेव्हा वायरमनने ओढलेली वायर आहे. तेव्हा आमची लाइनच ५० ची होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात येणार?

रात्रपाळी

सापडला चोर. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. दोनच मिळाल्या की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. ना लाल दिवा, ना तक्रार.

उरलेल्या चार तारा उत्साहाने जॅकमध्ये खुपसू नका. आपल्याकडे वायरमन एका वायरीत दोन कामं उरकतात. त्यातल्या एखाद्या जोडीवर दुसरंच काही चालू असलं आणि ती राउटरला लागली, तर पोर्ट जळू शकतो. सरळ नवी कॅट ६ (गिगाबिट पेलणारी लॅन वायर) ओढा. लॅमिंग्टन रोडला गेलात तर शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्तातली बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, दोनदा वाकवली की तुटते.

आता तुमच्या बेरजेबद्दल. तुम्ही लग्नवाल्या, तर असं सांगतो : वऱ्हाड दोन बसमध्ये बसवता येतं, नवरदेव एकाच बसमध्ये बसतो. राउटर प्रत्येक कनेक्शन कुठल्या तरी एका लाइनवर बसवतो आणि ते शेवटपर्यंत तिथेच राहतं. स्पीडटेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शनं उघडते, ते झालं वऱ्हाड, म्हणून तिथे बेरीज दिसू शकते. त्याच टेस्टमध्ये 'सिंगल' निवडून बघा, एकाच लाइनचा आकडा येईल. एका कनेक्शनवरून चढणारी तुमची ४० जीबीची फाइल म्हणजे नवरदेव. स्टुडिओचा सर्व्हर तुकडे करून समांतर अपलोड घेत असेल तरच ती दोन्ही लाइनींवर पसरेल.

राउटरमध्ये दोन्ही लाइनींचा खरा वेग भरलाय का? नसेल तर तो अर्धी कनेक्शनं १०० वाल्या लाइनवर टाकत बसतो. प्रमाण २:१ ठेवा. आणखी एक बघा, दोन्ही कंपन्यांच्या डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ च असेल तर राउटरचा गोंधळ उडतो. एकाचा १९२.१६८.२.१ करून टाका.

बँकेचं कारण वेगळं. लॉगिन एका लाइनवरून झालं, पुढचं पान दुसरीवरून गेलं, बँकेला अचानक दुसराच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसला, तिने हाकललं. बरोबरच केलं तिने. एका उपकरणाला एकच लाइन बांधून देणारा नियम राउटरमध्ये असतो, तो लावा.

पिंगपाँग

खरी बेरीज होते हो, रात्रपाळी साहेब! मल्टिपाथ टीसीपी. एकच कनेक्शन दोन वाटांनी. आयफोनच्या सिरीत २०१३ पासून आहे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०२० साली आलं. ओपनएमपीटीसीपीराउटर हे सॉफ्टवेअर घरच्या जुन्या पीसीवर टाकायचं, मुंबईतच एक व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) भाड्याने घ्यायचा, दोन्ही लाइनींवरून निघालेले तुकडे तिथे जुळून पुढे जातात. मी दोन रविवार घालवले, पण चाललं.

रात्रपाळी

चालतं, नाही कोण म्हणतं. पण मग घरातला सगळा ट्रॅफिक त्या व्हीपीएसमधून जाणार, त्याचं भाडं वेगळं, डेटाचा हिशोब वेगळा, आणि तो बसला की दोन लाइनी असूनही घर ऑफलाइन. तुमचे दोन रविवार गेले, ताईंचं एक लग्न जाईल.

पार्ल्याचे_काका

मी तांत्रिक बोलत नाही. एकदा गच्चीवर जाऊन बघा, दोन्ही फायबर एकाच डब्यातून उतरतायत का. आमच्याकडे कंपन्या दोन होत्या, गच्चीवरचा डबा एक. उंदराने एकाच रात्रीत दोन्ही कुरतडल्या. आणि घरातल्या कंपन्यांच्या डब्यांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाइट गेली की दोन्ही लाइनी असून नसल्यासारख्याच.

चौथामजला_गोरेगाव

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. नव्या वायरमनने जुन्या वायरीच्या शेपटीला नवी बांधली आणि हॉलमधून ओढली. वीस मिनिटांत काम झालं. आता फक्त २०० वाली लाइन लावली तर १९७ मिळतात. दोन्ही लावून 'मल्टी' टेस्ट केली तर २८८. 'सिंगल'वर १९५, म्हणजे नवरदेव खरंच एकाच बसमध्ये बसतो.

मग विचार केला, मला २८८ हवेत कशाला? माझा एडिटिंगचा पीसी २०० ला बांधला, घरातले मोबाइल, टीव्ही, नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप १०० ला. एक गेली की दुसरी सगळ्यांना. कालची ४० जीबीची फाइल २८ मिनिटांत चढली. बँकही आता शहाण्यासारखी वागते. पिंगपाँग, तुमची युक्ती सीझन संपल्यावर वाचीन, आत्ता नको.

काका, गच्चीवर गेले होते. दोन्ही फायबर एकाच पाण्याच्या टाकीला एकाच नायलॉनच्या दोरीने बांधल्यात. एक तरी जिन्याच्या बाजूने घ्या म्हणून केबलवाल्याला सांगितलंय. पोरगा निघालाय.

आणि रात्रपाळी, तुमचं अर्धंच ऐकलं. जुन्या वायरीतल्या उरलेल्या तारा कशाला होत्या ते न बघताच ओढून काढली. निळ्या जोडीवर माझ्या टेबलावरचा इंटरकॉम होता. दोन दिवस झाले, पार्सल आलं की वॉचमन खालून ओरडतो, "चौथा मजलाऽऽ!" आणि पहिल्यापासून सातव्यापर्यंत सगळे खिडकीत येतात.