लेकीसाठी १० मीटर एअर पिस्तूल: स्टायर, मोरिनी की जुनं?

साताऱ्याचा बाबा

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. क्लबच्या पिस्तुलावर १० मीटर एअर पिस्तूल खेळते. साठ शॉटला ५२०-५३० च्या आसपास येते. कोच म्हणाले, आता स्वतःचं घ्यायला हरकत नाही. माझं खता-बियाण्याचं दुकान, मला फवारणी पंप खोलून जोडता येतो, पण यातलं काही कळत नाही.

पुण्याचा दुकानदार म्हणतो मोरिनी १६२ घ्या, ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे. कोच म्हणतात स्टायर एलपी१०. क्लबातला एक मोठा मुलगा त्याचं जुनं निम्म्या पैशात द्यायला तयार आहे. नवं म्हणजे लाखाच्या वर जातंय, उसाचं बिल आलं की जमेल. लायसन्स लागतं का? आणि तिचे शॉट सारखे खाली डावीकडे जातात (ती उजव्या हाताची आहे), ते नव्या पिस्तुलानं थांबेल का?

टेन पॉइंट नाइन

डोळे झाकून मोरिनी. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा ब्रेक, म्हणजे ट्रिगर सुटण्याचा क्षण, एकदम काचेसारखा. स्विच फिरवला की ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर ओढायचा सराव. मोठमोठ्या स्पर्धांत बघा किती जण वापरतात. जुनं अजिबात नको.

पंचगंगेकाठची

दादा, मी कोल्हापुरात पोरांना पिस्तूल शिकवते आणि फावल्या वेळात त्यांच्या ग्रिपा घासते, त्यामुळे माझं मत ग्रिपकडे झुकलेलं आहे हे आधीच सांगते.

ही सगळी पिस्तुलं शिकंज्यात आवळून मारली तर १० मीटरवर एकाच भोकातून छर्रे घालतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाउ, कुठलंही घ्या. टेनचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, छर्रा ४.५ चा. बॅरलची अचूकता तुमच्या लेकीला पुढची कित्येक वर्षं कमी पडणार नाही. त्यामुळे “कुठलं जास्त अचूक” हा प्रश्न सोडून द्या. पैसे मोजायचे ते ग्रिप आणि ट्रिगरसाठी.

खाली डावीकडे जाणारे शॉट हे उजव्या हाताच्या पोरांचं नेहमीचं दुखणं. ट्रिगर ओढताना बाकीची बोटंही आवळली जातात नाहीतर मनगट ढिलं पडतं, आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) खाली बुडते. यात निम्मा दोष सवयीचा असतो, पण क्लबच्या पिस्तुलाला बहुतेक मोठ्या माणसाची मीडियम ग्रिप असते. पोरीचं बोट ट्रिगरपर्यंत ताणून जेमतेम पोचतं, मग ती टोकानं ओढते आणि पिस्तूल बाजूला ढकललं जातं. घरी तपासता येईल. क्लबातून पिस्तूल आणा, आत छर्रा नाही हे दोनदा बघा आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करायला सांगा. टार्गेट लावायचं नाही. नजर फक्त फ्रंट साइटवर. ट्रिगर सुटताना ती साइट हलली का, हे तिलाच विचारा. पोरं खरं सांगतात, आपणच ऐकत नाही.

आता ग्रिप. स्मॉल मागा, त्याहून लहान मिळाली तर तीही हातात देऊन बघा. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, डोळे उघडायचे. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर ग्रिप जवळपास बसली. दर वेळी मनगट वळवून ती मधे आणावी लागत असेल तर साठाव्या शॉटपर्यंत हात साथ देणार नाही. बारीकसारीक फरक कानस आणि एम-सीलनं काढता येतो. मी आधी एम-सील लावते, ओलं असताना पोराला पकडायला सांगते, वाळलं की घासते. मात्र हाताखालची फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये आणि लाकूड हाताला वेढा घालता कामा नये, नाहीतर इक्विपमेंट कंट्रोलवाले (स्पर्धेआधी पिस्तूल तपासणारे) परत पाठवतात. पोरीचा हात अजून वाढणार, तेव्हा आताच फार घासू नका. पुढे नुसती ग्रिप बदलून मिळते.

ट्रिगरचं वजन नियमानं किमान ५०० ग्रॅम लागतं, तपासणीत वजन लटकावून बघतात. थोडं वरच ठेवा, काठावर ठेवलं की तपासणीच्या रांगेतच घाम फुटतो. वर लिहिलंय ते खरं आहे, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार स्वच्छ असतो. पण ड्राय फायर स्टायरवरही होतं, ती काही मोरिनीची मक्तेदारी नाही. आणि बिघडलं तर? टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मधेच बिघडलं, वेळ गेला, ५७५ वर ती बारावी राहिली. पॅरिसला २०२४ मध्ये याच प्रकारात तिनं कांस्य आणलं ते सोडा, पण तिच्या मागे टीम होती. जिल्हा स्पर्धेत तुमच्या मागे कोण? पहिलं पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचं असावं, हे माझं मत. कोच ज्या पिस्तुलाचा स्क्रू न् स्क्रू ओळखतात तेच घ्यावं, हे त्याहून पक्कं मत.

वजनाची कमाल १५०० ग्रॅम असली तरी तिला किलोच्या आतबाहेरचं पुरे. साठ शॉट, ७५ मिनिटं, शिवाय न मारता खाली घेतलेले हात वेगळे.

लायसन्स लागत नाही: ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला सूट आहे, ही पिस्तुलं त्याच्या बरीच खाली असतात. बिल मात्र पक्कं आणि तुमच्या नावावर घ्या.

साताऱ्याचा बाबा

ताई, भिंतीसमोर करून बघितलं. म्हणाली, “बाबा, दर वेळी खाली टुणकन उडी मारते.” क्लबची ग्रिप मीडियमच निघाली. त्या मुलाच्या जुन्या स्टायरला स्मॉल आहे, त्यावर तिचं बोट नीट बसलं. मग जुनंच घेऊ का? आणि हवा कुठं भरायची, पंक्चरवाल्याकडे होईल का?

टेन पॉइंट नाइन

पंक्चरवाला 😂 दादा, एक नंबर.

पंचगंगेकाठची

हसू नका, सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. पंक्चरवाला ट्यूबमध्ये दोन-तीन बार भरतो, इथे २०० बार लागतात. क्लबच्या मोठ्या स्कूबा सिलिंडरवरून अ‍ॅडॉप्टर लावून भरा, सावकाश, नाहीतर तापतं. हातपंपानंही भरतं, फक्त त्याचा ओलावा काढणारा फिल्टर बघा.

जुनं घ्यायला हरकत नाही, पण आधी पिस्तुलाच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याची मुदत साधारण दहा वर्षं असते, संपलेलं असेल तर स्पर्धेत चालत नाही आणि घरात ठेवणंही धोक्याचं. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आला असेल तर सील गळतायत. ते बदलता येतात, घाबरू नका. छर्रे मात्र दोन-तीन कंपन्यांचे, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर डोक्याचे आणून कोचकडून शिकंज्यात मारून घ्या, जो गट लहान येईल तोच डबा पुढे घ्यायचा.

आणि कुणी कितीही आग्रह केला तरी दवाखान्याच्या किंवा वेल्डिंगच्या ऑक्सिजनवरून भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आतल्या तेला-ग्रीसला लागला की स्फोट होतो.