जिवाणू संवर्धक घातलेल्या कंपोस्टचा पिकावर परिणाम का दिसला नाही?

प्रश्न:
शेणखत आणि पिकांचे अवशेष यांचा ढीग रचताना मी प्रत्येक थरावर रॉक फॉस्फेटची (स्फुरद म्हणजे फॉस्फरस असलेल्या खडकाची) भुकटी पसरली आणि त्याच वेळी अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतील नत्र म्हणजे नायट्रोजन पिकाला मिळवून देणारे जिवाणू) व स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची संवर्धके (जिवंत जिवाणूंची तयार मिश्रणे) पाण्यात कालवून शिंपडली. त्यानंतर ढीग इतका तापला, की आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवत नव्हती. तयार झालेले खत सोयाबीनच्या अर्ध्या शेतात टाकले आणि उरलेल्या अर्ध्यात साधे शेणखत टाकले. मात्र दोन्हीकडच्या पिकात काहीच फरक आढळला नाही. संवर्धके निकस होती, की माझी पद्धत चुकली?

उत्तर १:
सळई धरवत नव्हती, यातच बरेचसे उत्तर आहे. चांगल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तणांचे बी आणि रोगजंतू मरावेत म्हणून ही उष्णता हवीच असते, परंतु ३० अंशांच्या आसपास सुखाने वाढणारे अ‍ॅझोटोबॅक्टर तिच्यात टिकत नाहीत. रॉक फॉस्फेट सुरुवातीला घातले ते योग्यच झाले, कारण कुजताना तयार होणाऱ्या सेंद्रिय आम्लांशी त्याचा जितका काळ संपर्क राहील तितके बरे. संवर्धके मात्र ढीग खालीवर केल्यावरही पुन्हा तापेनासा झाला, की मगच मिसळावीत. त्या वेळी ओल एवढीच असावी, की मूठ आवळल्यावर खताचा गोळा होईल, पण बोटांतून पाणी गळणार नाही. मग ढीग सावलीत ओल्या गोणपाटाखाली दोन-तीन आठवडे ठेवावा.

उत्तर २:
वरील मत मला मान्य आहे, तथापि निवडही तपासावी. सोयाबीनला नत्र मिळते ते मुख्यतः मुळांवरील गाठींतून, आणि त्या गाठी बांधणारा रायझोबियम गटातील जिवाणू पिकागणिक वेगळा असतो. त्यामुळे हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही. अ‍ॅझोटोबॅक्टर हा मुळांभोवती मोकळा राहणारा जिवाणू असून तो तृणधान्ये व भाजीपाला यांसाठी अधिक वापरला जातो. शिवाय स्फुरद विरघळवणारे जिवाणू नवा स्फुरद निर्माण करत नाहीत, तर अडकून पडलेला मोकळा करतात. आपल्या जमिनीत उपलब्ध स्फुरद आधीच पुरेसा असेल, तर फरक दिसणार तरी कसा? माती परीक्षण न करता संवर्धकांना दोष देणे मला घाईचे वाटते.

प्रश्नकर्ता:
माती परीक्षण केलेले नाही, हे कबूल करतो. पुढील हंगामात सोयाबीनचेच संवर्धक बियाण्याला लावावे म्हणतो, पण मी बियाण्याला बुरशीनाशकही लावतो. दोन्ही एकत्र चालतील काय?

उत्तर २:
एकत्र कालवू नयेत. बुरशीनाशक आधी लावून बियाणे सुकू द्यावे, जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी लावावे आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. काही बुरशीनाशके जिवाणूंनाही मारक असतात, म्हणून दोहोंच्या वेष्टनांवरील सूचना अवश्य पाहाव्यात. पेरणीवेळी नत्रखताची मात्रा फार ठेवू नये, कारण आयते नत्र मिळाले की रोप गाठी कमी धरते. फुलोऱ्याच्या सुमारास दोन-चार रोपे न उपटता मातीसकट खणून काढावीत, मुळे हलक्या हाताने धुवावीत आणि गाठ नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करत आहे; पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही.