सायकल घेऊन कोकणात येताय, तर सागरी रस्त्यावरच थांबू नका

कातळवाट (रत्नागिरी):
थंडी पडली की पुण्या-मुंबईचे सायकलवाले सागरी मार्गाने खाली उतरतात. दाभोळला फेरीबोटीवर सायकल चढवायची, धोपाव्याला उतरायचं, पुढे तवसाळहून जयगड. मीही हे केलंय, छान वाटतं. पण त्या डांबराला साधी रोड बाईक पुरते. जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली सायकल आणलीत, तर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर चढा.

पावसहून पूर्णगड, गावखडी, कशेळी एवढाच पट्टा घ्या. खाडीवरचा पूल, सुरूचं बन, मग अंगावर येणारा चढ. वर पोचलात की झाडं संपतात आणि नुसता जांभा पसरतो. सुक्या दिवसांत त्यावर टायर असा चिकटतो की उतारावरही ब्रेकला बोट लावावंसं वाटत नाही. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब. जवळ उभं राहून तो दिसतच नाही. आधी पाय, मग सोंड, असा चालत चालत जुळवावा लागतो. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. गाडीतून येणारे दहा मिनिटांत फोटो काढून जातात. सायकलवाला घामाघूम होऊन पोचतो, बसतो, बघतो. असली सहल कोकणात रुजायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

बागायतदार (राजापूर तालुका):
दादा, तुम्ही सडा म्हणता तेव्हा मोकळं रान म्हणता. इथे प्रत्येक तुकड्याला सातबारा आहे, सामाईक असला तरी आहे. गेल्या पौषात पाचसहा सायकली आमच्या बागेतून गेल्या. गडग्यातलं, म्हणजे दगडी कुंपणातलं बेडं (फाटक) उघडून आत आले आणि तसंच उघडं ठेवून गेले. संध्याकाळी गुरं आत. तीन वर्षांची चौदा कलमं खाल्ली. मोहोराच्या दिवसांत आम्ही रात्रीचे बागेत असतो, फवारणी चालू असते, त्यात हे लोक रस्ता विचारत फिरतात. कुणाला विचारलं होतं त्यांनी?

आणि घाट्यांचं, सड्यावर चढणाऱ्या पायवाटांचं काय? आमची घाटी जांभ्याच्या पायऱ्यांची आहे. वरून सायकल धडधडत येते आणि खालून काकी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढतेय. भाऱ्यामुळे तिला समोरचं दिसत नाही. बाजूला व्हायला जागा नाही. तुमचा ब्रेक कितीही चांगला असो.

गेंद (वनस्पतीशास्त्राची शिक्षिका, चिपळूण):
माझा विरोध याहून पुढचा आहे. श्रावण-भाद्रपदात सड्यावर जी फुलं येतात, सीतेची आसवं, गेंद, किडे खाणारी दवबिंदू, ती बोटभर मातीवर जगतात. गेल्या वर्षी मुलांना घेऊन गेले, तर ओल्या मातीत टायरची एकच रेघ होती, तळहाताएवढी रुंद. रेघेच्या दोन्ही बाजूंना निळं, मध्ये गढूळ पाणी. महिन्याने पुन्हा गेले, रेघ तशीच. लोक पावसाळ्यातच येणार, कारण फोटो तेव्हाचे चांगले येतात.

कातळशिल्पांचंही तेच. 2022 मध्ये कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात कशेळी आहे, बारसू आहे, देवाचे गोठणेही आहे. काही ठिकाणी चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडाचं कुंपण घातलंय, पण कित्येक आकृत्या उघड्या आहेत आणि गवतात दिसतही नाहीत. चाक कशावरून गेलं हे स्वाराला कळणारसुद्धा नाही.

कातळवाट:
ताई, पावसाळ्याचं मान्य. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे सायकल घालणं स्वारालाही धोक्याचंच. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीबद्दल बोलतोय, तेही मळलेल्या गाडीवाटांवरून. चिरेखाणींकडे जाणाऱ्या वाटांवरून ट्रक जातात, तिथे सायकलने काय बिघडणार? शिल्पापाशी सायकल लांब आडवी ठेवायची आणि चालत जायचं. बागायतदारकाका, बेडं उघडं टाकून जाणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. तुमचं नुकसान भरून द्यायला हवं होतं.

खाडीकाठ (गुहागर, घरगुती निवास चालवते):
मी सायकलवाल्यांच्या बाजूने. गाडीवाले जेवतात आणि निघतात. सायकलवाले दोन रात्री राहतात, कारण पाय दुखत असतात. सकाळी घावणे, दुपारी कुळथाचं पिठलं, पुन्हा मागून घेतात. मागच्या खेपेला वाडीतला एक मुलगा वाट दाखवायला सोबत गेला, त्याला दिवसाची मजुरी मिळाली. तो सोबत असता तर काकांचं बेडं उघडं राहिलं नसतं.

गेंद:
सुका मोसम म्हटलं तरी गवताखाली बी असतं. खाणीच्या वाटेवरून ट्रक जातात म्हणून सायकल चालेल, हा युक्तिवाद मला पटत नाही. मुळात त्या खाणींनीच किती सडा खाल्लाय. ठरलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना आधी दगडांची रांग लावा, मग माणसं बोलवा.

बागायतदार:
सोबत वाडीचा माणूस असेल तर बोलता येईल. पण घाटीतून सायकल चालवत कुणी उतरायचं नाही, खांद्यावर घेऊन उतरा. देवळामागून सड्यावर जाणारी गाडीवाट आहे, ती सामाईकातली. गवत काढून झालं की गावकीची बैठक असते, तिथे विषय काढतो. दगड लावायला तुम्ही किती जण येताय ते सांगा.

कातळवाट:
आम्ही सहा जण नक्की. तारीख कळवा, घमेली आणि पहारी आम्ही आणतो.