मदत हवी आहे: जैसलमेरचा बेत लांबला, भरलेली जीप पावसाळाभर कशी ठेवावी?

मंडळी, २५ मार्च २०२० पासून लॉकडाउनमुळे सगळं बंद, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर कोगनोळीला तपासणी नाका. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत तंबू ठोकायचा बेत आता नोव्हेंबरवर गेलाय. त्याआधी थारच्या वाळवंटात नुसतं भाजून निघायचं.

फोर बाय फोर डिझेल जीप बेळगावला टिळकवाडीत उभी आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीय, मीटरवर १२.४ व्होल्ट दिसतात. हँडब्रेक सोडून गिअरमध्ये ठेवलीय, चाकांना दगड लावलेत, कारण बेळगावच्या ओल्या हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. वाळूत ज्यांची हवा १८ पीएसआयवर उतरवायची ते टायर सध्या ४० वर, एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून.

अडलंय ते डिझेलवर. टाकी अर्धी आहे, शिवाय २० लिटरचे दोन कॅन भरलेले. अर्ध्या टाकीत आतून दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि मग इंजेक्टरची वाट लागते. कॅन ओतून टाकी काठोकाठ करावी, की सगळं उपसून घ्यावं? जूनच्या आत ठरवायला हवं.

आणखी एक. तंबू पिशवीतून काढून माळ्यावर सैल ठेवलाय, तरी खालच्या घडीवर बुरशीचे काळे ठिपके आलेत. ब्लीचने कोटिंग जातं, म्हणून ते नकोच. व्हिनेगर किती पाण्यात मिसळू?