'अविवेकी', 'अवाजवी', 'प्रमाणाबाहेर': तिन्ही वेगळे कसे ठेवायचे?

लेखणीवाली: प्रशासकीय कायद्यावरच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय. सरकारी निर्णय कोर्ट कोणत्या कारणांनी रद्द करतं, या प्रकरणात 'इर्रॅशनॅलिटी'ला (निर्णयामागे तर्कच नसणं) मी 'अविवेक' लिहिलं आणि 'प्रपोर्शनॅलिटी'ला (उपाय किंवा शिक्षा कारणाच्या मानाने असणं) 'प्रमाणशीरता'. मुद्रितं तपासणाऱ्यांनी वाचकाला सोपं जावं म्हणून 'अविवेकी' आणि 'प्रमाणाबाहेर' दोन्हींच्या जागी 'अवाजवी' केलं. आता वाक्य असं झालंय: 'शिक्षा अवाजवी नसली तरी अवाजवी ठरू शकते.' काय करू?

जुना कारकून: 'अवाजवी'त वाईट काय? संविधानाच्या मराठी प्रतीतही कलम 19 मध्ये 'वाजवी निर्बंध'च आहेत. तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळ्यांना कळतो.

देववाणी: मुळात 'वाजवी' अरबी 'वाजिब'वरून आलेला. 'समुचित' असताना उसनवारी कशाला?

जुना कारकून: मग 'वकील', 'दावा', 'फिर्याद', 'अर्ज' हेही काढा. कोर्टात बोलायला काय उरेल ते सांगा.

तालुका कोर्ट: उसनवारी बाजूला ठेवा, घोळ दुसराच आहे. 'अवाजवी भाडं' म्हणजे जास्तीचं भाडं. म्हणजे 'जास्त' हा अर्थ त्या शब्दात आधीच बसलाय, म्हणून तो दोन्ही कल्पना गिळतो. अविवेकाची कसोटी इंग्लंडमधल्या 1947 च्या वेन्सबरी खटल्यातली. रविवारी सिनेमा दाखवायचा तर पंधरा वर्षांखालच्या मुलांना, मोठं माणूस सोबत असलं तरी, आत घ्यायचं नाही, अशी अट तिथल्या नगरपालिकेने घातली होती. कोर्टाने ती टिकवली. कुठलाही शहाणा अधिकारी घेणार नाही इतका निर्णय बिनबुडाचा असेल तरच हात घालू, असं न्यायाधीश लॉर्ड ग्रीन म्हणाले. केस तांबडे म्हणून बडतर्फ केलेली शिक्षिका हे तिथलं उदाहरण. त्यात जास्त-कमीचा प्रश्नच नाही, कारणच गैरलागू आहे.

उलट 1987 चा रणजीत ठाकूर खटला घ्या. वरिष्ठांकडे परस्पर तक्रार पाठवली म्हणून एक जवान आधीच शिक्षा भोगत होता. त्याने जेवायचा हुकूम मानला नाही. त्यावर एक वर्ष कैद आणि बडतर्फी! हुकूम मोडला, त्याला शिक्षा, इथपर्यंत तर्क सरळ आहे; बिघडलं ते माप. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, सदसद्विवेकबुद्धीला धक्का बसेल इतकी शिक्षा नसावी म्हणून. मी पहिल्याला 'तर्कदुष्ट' आणि दुसऱ्याला 'प्रमाणाबाहेर' म्हणेन.

लेखणीवाली: पण त्या निकालात ही दोन्ही कारणं एका दमात येतात ना?

तालुका कोर्ट: येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2000 च्या ओम कुमार निकालानंतरही शिक्षेचा मुद्दा बहुतेकदा वेन्सबरीच्याच मापाने बघतात. मूलभूत स्वातंत्र्यावर गदा असेल तर प्रमाणाची कसोटी कडक लागते. म्हणून तर शब्द वेगळे हवेत.

फळा-खडू: 'समप्रमाण' मात्र नको. ते आमच्या गणितातलं, एक दुप्पट झालं की दुसरं दुप्पट. कोर्ट एवढंच बघत नाही. हेतू रास्त आहे का, उपाय त्या हेतूशी जुळतो का, कमी जाचाचा मार्ग होता का आणि शेवटी नफा-नुकसान. तिसरा प्रश्न कुठल्या गुणोत्तरात बसवाल? माझ्या मते 'तारतम्य' घ्या. 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांपासून झालेला शब्द आहे, अधिक आणि सर्वाधिक यांतला फरक ओळखणं.

तालुका कोर्ट: सर, तारतम्य माणसाला असतं. निर्णयाला तारतम्य आहे असं कोण म्हणतं? कसोटी निर्णयाची आहे.

बर्लिनवासी: ही कल्पना मूळची इकडची. 1882 साली प्रशियाच्या प्रशासकीय न्यायालयाने क्रॉइट्सबर्ग खटल्यात पोलिसांना सांगितलं की स्मारकाचं दृश्य झाकू नये म्हणून इमारतींच्या उंचीवर बंधन घालणं तुमचं काम नाही, तुमचं काम धोका टाळणं. प्रमाणशीरतेच्या जर्मन शब्दात 'संबंध' आणि 'माप' दोन्ही आहेत. 'मापात' हा शब्द का नको? 'मापात राहा' कुणालाही कळतं.

देववाणी: निकालपत्रात 'मापात' शोभेल?

बर्लिनवासी: शोभेल. कळणं हीच कायद्याची शोभा.

लेखणीवाली: पुस्तकात पुढच्याच पानावर ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक आहेत. 1984 मध्ये त्यांनी अविवेक हे वेगळं कारण म्हणून मांडलं आणि प्रमाणशीरतेला पुढेमागे जागा मिळेल असं सुचवलं. त्यांचंच दुसऱ्या खटल्यातलं वाक्य आहे, त्याचं मी असं केलंय: 'अडकित्त्याने काम होत असेल तर सुपारी फोडायला वाफेवरचा घण नको.' चालेल?

देववाणी: मूळ वाक्यात सुपारी नाही. अक्रोड म्हणा.

जुना कारकून: मग अडकित्ताही जाईल. अडकित्त्याने अक्रोड फोडायला जाल तर बोट कापेल.

देववाणी: अडकित्ता हे नुसतं हत्याराचं नाव आहे. त्याने काहीही फोडावं.

तालुका कोर्ट: नाही हो. कानडीत 'अडिके' म्हणजे सुपारी आणि 'कत्ति' म्हणजे सुरा. सुपारी नावातच आहे.

फळा-खडू: आमच्याकडे बेळगावात तर 'अडकोत्ता' म्हणतात. ते याच्याही आधीचं रूप असावं का?