घरपट्टी आम्ही भरतो. हिशेब कोणाकडे आणि कसा मागावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील एक वाचक)

आमची ग्रामपंचायत घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर वसूल करण्यात अजिबात कसूर करत नाही. दाखला हवा असेल तर आधी थकबाकी भरा, असे स्पष्ट सांगितले जाते. मात्र मुख्य वस्तीतून शाळेकडे जाणारा सिमेंट रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडून त्यातील गिट्टी वर आली आणि कागदावर पूर्ण झालेली नाली प्रत्यक्षात अर्ध्यावरच थांबलेली आहे. ग्रामसभेत विचारल्यावर "सर्व हिशेब ऑडिटला दिले आहेत" एवढेच उत्तर मिळाले आणि पुढचा विषय घेण्यात आला. हिशेब मिळेपर्यंत गावाने कर भरूच नये, असे काही तरुणांचे म्हणणे आहे. हा मार्ग योग्य आहे काय? नसल्यास सामान्य करदात्याने नेमके कोणाला आणि काय विचारावे?

उत्तर १ (निवृत्त ग्रामसेवक, अमरावती जिल्हा)

कर थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कर न भरणारी व्यक्ती पंचायतीचे सदस्यत्व गमावू शकते. म्हणजे उद्या ज्या तरुणांनी निवडून येऊन कारभार हाती घ्यावा असे आपल्याला वाटते, त्यांच्यावरच आपण आज अपात्रतेची टांगती तलवार ठेवू. शिवाय थकबाकीदाराच्या प्रश्नाला "आधी कर भरा" हे आयते उत्तर असते, आणि ते उत्तर त्यांच्या हाती देण्याचे काही कारण नाही.

दुसरे असे की, तो रस्ता बहुधा घरपट्टीतून झालेलाच नसेल. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी आपल्या राज्यात ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. ग्रामपंचायतीच्या वाट्यातील ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायची होती. रस्त्यासाठी उरलेल्या अबंधित रकमेकडेच पाहावे लागते. त्यामुळे काम कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे कोणत्या योजनेच्या वा निधीच्या खात्यातून झाले, हा पहिला प्रश्न ठेवा. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही पाहता येतो. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात तर त्याची छापील प्रत काढून आणा, कारण मोबाइलवर दाखवलेली नोंद सभेत कोणी गांभीर्याने घेत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. "पाच वर्षांचा सगळा हिशेब द्या" असा अर्ज करू नका. असा अर्ज फेटाळणे किंवा रेंगाळत ठेवणे सर्वांत सोपे असते. एकच काम निवडा. त्या रस्त्याची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या वहीतील) नोंदी, देयक आणि रोकडवहीतील त्या तारखेचे पान, एवढीच कागदपत्रे मागा. अंदाजपत्रकातील लांबी, रुंदी व जाडी आणि मोजमाप पुस्तिकेतील आकडे शेजारी ठेवून मग टेप घेऊन प्रत्यक्ष रस्ता मोजा. नालीची लांबी तर शाळकरी मुलेसुद्धा मोजू शकतील. मोजमाप पुस्तिकेवर अभियंत्याची सही असते, हे विसरू नका. खराब कामाची जबाबदारी एकट्या सरपंचावर टाकली की अभियंता आणि कंत्राटदार दोघेही अलगद सुटतात, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा नेमके तेच होते.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करताना त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्राच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळेही एका कामाचा अर्ज सोयीचा पडतो. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे जाते आणि त्याची विदर्भातील खंडपीठे अमरावती व नागपूर येथे आहेत.

उत्तर २ (माजी ग्रामपंचायत सदस्या, वर्धा जिल्हा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु कागद हाती आल्यावर तो कोणासमोर ठेवायचा, याचा विचार आधी व्हायला हवा. आपल्याकडील ग्रामसभांच्या तारखाच पाहा. १ मे रोजी उन्हामुळे दुपारी घराबाहेर पडवत नाही, १५ ऑगस्टला निंदणाची कामे असतात, २ ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीन काढणीला आलेले असते आणि २६ जानेवारीला कापसाची वेचणी सुरू असते. ज्या बाया मजुरीवर जातात त्यांनी सकाळी अकराच्या सभेला यावे तरी कसे? गणपूर्ती, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती, होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे दहा-बारा माणसांत सर्व ठराव मंजूर होतात. म्हणून सभा संध्याकाळी घ्यावी आणि तिची दवंडी प्रत्येक वस्तीत व तांड्यावर द्यावी, ही मागणी लेखी करा.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार पुरतात. गावाने ठरवले तर ही संख्या मोठी नाही. आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक जमाखर्च आणि मागील लेखापरीक्षणाचा अहवाल त्यावरील उत्तरांसह ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा "ऑडिटला दिले आहे" असे कोणी म्हटले तर मागच्या ऑडिटमध्ये कोणते आक्षेप निघाले आणि त्यांची पूर्तता केव्हा झाली, असे विचारावे. प्रश्न सभेच्या आधी लेखी देऊन पोच घ्या, आणि सभेनंतर तो इतिवृत्तात जसाच्या तसा आला की नाही हे तपासा. आदल्या दिवशीच्या महिला सभेत हाच प्रश्न मांडला तर त्याला दुप्पट बळ येते. पाणी आणि नाली यांबद्दल बोलताना आमच्या बाया कोणाची भीड ठेवत नाहीत.

उत्तर ३ (गडचिरोली जिल्ह्यातील वाचक)

आपले गाव केळापूर, राळेगाव, मारेगाव, घाटंजी किंवा झरी जामणी या भागांत असेल तर ते अनुसूचित, म्हणजे घटनेखाली जाहीर झालेल्या आदिवासी क्षेत्रात येते काय, हे अवश्य पाहा. अशा क्षेत्रातील पंचायतींसाठी असलेल्या १९९६च्या पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीने खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. ज्या गावात रस्ता उखडला आहे, त्या गावाच्या ग्रामसभेने असे प्रमाणपत्र नाकारले तर ती तक्रार राहत नाही, तो निर्णय ठरतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असे म्हटले, ते केवळ घोषणेपुरते नव्हते. तेथे अभ्यासगट बसवून आधी विषय समजून घेतले जातात आणि निर्णय सर्वसहमतीने होतात. चार-सहा माणसांचा असा अभ्यासगट आपणही सुरू करावा, मग गाव पेसात असो वा नसो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आमचे गाव पेसा क्षेत्रात नाही. एक अडचण मात्र उरते. सरपंच आमच्याच भावकीतील आहेत आणि अर्जावर कोणा एकाचे नाव आले की त्या घराशी बोलणे बंद होते. कागदांत तफावत निघालीच, तर पुढे काय करावे?

उत्तर १ (निवृत्त ग्रामसेवक)

माहितीचा अर्ज एकाच्या नावाने करावा लागतो, परंतु तक्रार तशी करू नका. त्यावर प्रत्येक वॉर्डातील आणि शक्यतो प्रत्येक समाजातील लोकांच्या सह्या घ्या, भावकीतील लोकांच्याही घ्या, आणि तिच्यात "भ्रष्टाचार" हा शब्द न घालता केवळ मोजमापातील फरक मांडा. तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे देऊन प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची चौकशी होते आणि सरपंच वा सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यावरील (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकावरील) शिस्तभंगाची कारवाई जिल्हा परिषदेकडून होते. तथापि आपली पहिली मागणी पद काढून घेण्याची नसावी. राहिलेली नाली पूर्ण करावी, रस्त्याची दुरुस्ती कंत्राटदाराकडून करून घ्यावी आणि जादा दिलेली रक्कम वसूल करावी, एवढेच मागा. या मागणीवर भावकीतील माणूसही सही करील.